डिमिटरच्या कपाळावरचं कुंकू

फ्राऊ ब्रुग्गर यांचं आणि माझं पहिल्याच भेटीत वाजलं. सासूबाईंचा हात धरून मी दारात उभी होते, तर या बाई मला म्हणाल्या, "तुम्हाला दिसतं. तुम्ही तिकडे भिंतीपाशी बसा." मी सॉफ्टवेअर टेस्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. मला असं कोपऱ्यात बसवायची कुणाची टाप नाही. पण तोवर सासूबाईंनी माझा हात सोडून त्यांचा धरला होता, म्हणून मुकाट्याने बसले.

आधी जागा सांगते. जर्मनीतल्या हायडेलबर्गहून एस-बान या लोकल गाडीने थोडं पुढे गेलं की नेकार नदीकाठच्या एका गावात जुनी शाळा आहे. फार पूर्वी कुणा हौशी मुख्याध्यापकाने मुलांना ग्रीक शिकवण्यासाठी ग्रीक देवांच्या पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती मागवल्या. पुढे ग्रीक बंद झालं आणि देवांची रवानगी तळघरात झाली. फ्राऊ ब्रुग्गर त्याच शाळेत गणित शिकवायच्या. त्या सांगतात की अपोलोला टेकून कसरतीच्या चटया रचलेल्या असत आणि हर्मिसच्या पुढे केलेल्या हातावर लादी पुसायचं फडकं वाळत असे. निवृत्त झाल्यावर लोक समुद्रावर जातात, या बाईंनी तळघर मागून घेतलं. एकेक देव झाडून उभा केला, गावातल्या लोकांना गोळा करून मंडळ स्थापन केलं आणि दर गुरुवारी दुपारी ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी एक तास सुरू केला. त्या तासाला देवांना खुशाल हात लावायचा.

मी एकदा विचारलं, "हे का सुरू केलंत?"

"आल्झो, म्हणजे असं, बघणारे कुणी येत नव्हते," त्या म्हणाल्या. विषय संपला. या बाईंचा कुठलाही विषय एका वाक्यात संपतो.

आम्ही तिथे गेलो ते नाइलाजाने. माझ्या सासूबाई, मनोरमाबाई, काचबिंदूने दोन्ही डोळे गेल्यावर पुण्याचं घर बंद करून आमच्याकडे आल्या. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण. पूजा तर सोडूनच दिली. "मला देव दिसत नाही, त्याला मी दिसत नाही. कशाला एकमेकांना त्रास," म्हणायच्या. नवरा सिद्धांत ऑफिसात, लेक अन्वी आजीच्या मराठी प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देऊन मोकळी. बाई खिडकीशी बसून असायच्या, आणि ही व्यक्ती आमच्या घरात बसल्या जागी संपत चालली आहे हे मला कळत होतं. मी घाबरले होते. डोळ्यांच्या दवाखान्यात कुणीतरी गुरुवारचं सांगितलं, म्हणून गेलो.

पहिल्या दिवशी फ्राऊ ब्रुग्गरनी त्यांना अथीनासमोर उभं केलं. सासूबाईंची बोटं छातीवर गेली आणि थबकली. "संध्या, साप आहेत गं! ही कुठली देवी?"

मी भिंतीपाशी बसून भाषांतर केलं. उत्तर आलं, "नाव नंतर. आधी काय काय आहे ते सांगा."

सासूबाईंना राग आला. मला तो राग बघून इतका आनंद झाला की काय सांगू! कितीतरी दिवसांनी त्यांना कशाचं तरी काही वाटलं होतं. त्यांनी शिरस्त्राण शोधलं, वेणी शोधली, सापांची किनार मोजायला घेतली. शेवटी नाव मिळालं.

मग डिमिटर. पिकांची देवी, बसलेली, दोन्ही हात तुटलेले. सासूबाईंची बोटं गुडघ्यांवरून, खांद्यावरून डोक्यापर्यंत गेली. "अगंबाई, हिने तर डोक्यावरून पदर घेतलाय."

फ्राऊ ब्रुग्गरनी गोष्ट सांगितली. पाताळाच्या राजाने हिची मुलगी पळवून नेली. ही मशाली घेऊन वणवण हिंडली, अन्नपाणी सोडलं. म्हाताऱ्या बाईचं रूप घेऊन एका राजाच्या घरी गेली आणि कुणाशी न बोलता बसून राहिली. शेवटी त्या घरातल्या मोलकरणीने काहीतरी विनोद केला, तेव्हा ही हसली आणि घोटभर प्यायली.

"काय विनोद केला?" सासूबाईंनी विचारलं.

"कुणी लिहून ठेवलेला नाही," फ्राऊ ब्रुग्गर म्हणाल्या. "म्हणजे चावटच असणार."

मी ते मराठीत कसं सांगावं या विचारात पडले, पण सांगितलं. आणि सासूबाई हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या. घरी येऊन दोन वाट्या आमटी प्यायल्या. त्या रात्री मी सिद्धांतला म्हटलं, "जग इकडचं तिकडे होऊ दे, आईंचा गुरुवार चुकणार नाही."

महिने असेच गेले. मग एका गुरुवारी फ्राऊ ब्रुग्गर म्हणाल्या की अथेन्सचे लोक आपल्या देवीच्या मूर्तीला दर वर्षी स्नान घालत, नवं वस्त्र विणून नेसवत. सासूबाई खूश झाल्या. "मग? देवी म्हणजे तिचं सगळं करायला हवंच." तास संपला, मी आणि फ्राऊ ब्रुग्गर कॉफी आणायला आत गेलो. परत आलो तर सासूबाई डिमिटरपुढे हात जोडून उभ्या, पर्समधली कुंकवाची डबी उघडी, आणि त्या पांढऱ्याशुभ्र कपाळावर ओल्या बोटाने लावलेलं लालभडक कुंकू.

प्लास्टर ते पाणी शोषून घेतं. फ्राऊ ब्रुग्गरनी पुसलं, तर अर्धं कपाळ गुलाबी झालं.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही हो आई," मी म्हटलं. पण त्यांना कळलंच. रात्री त्यांनी ताट तसंच सरकवलं.

मंडळाची बैठक बसली. अध्यक्ष म्हणजे दातांचे एक निवृत्त डॉक्टर. ते म्हणाले की हात लावायचा तास आता बंदच करावा. मी मागे बसले होते. माझ्या डोळ्यांसमोर ती खिडकी आणि तिच्याशी बसलेल्या सासूबाई आल्या.

फ्राऊ ब्रुग्गर उठल्या. "माहिती देणाऱ्याने पाहुण्यांना सोडून जायचं नाही, असा आपला नियम आहे. मी गेले. देवीला सजवतात हेही मीच सांगितलं. पाहुण्यांनी ऐकलं आणि केलं. चूक माझी आहे. जबाबदारी माझ्याकडून काढून घ्या, तास ठेवा."

मंडळाने खरंच तसं केलं! आभार नाहीत, आग्रह नाही. ज्या देवांना या बाईंनी तळघरातल्या धुळीतून वर काढलं, ते त्यांच्याकडूनच काढून घेतले. तास कोण घेणार असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हा माझा हात आपोआप वर गेला. बाहेर आल्यावर मी आभार मानू लागले, तर त्या म्हणाल्या, "नाटक नको. गुरुवारी उशीर करू नका."

बैठकीतलं सगळं सांगून गुरुवारी मी सासूबाईंना जवळजवळ ओढतच नेलं. त्या डिमिटरच्या बाजूला जाईनात. तेवढ्यात फ्राऊ ब्रुग्गर आल्या आणि परक्या घरी आल्यासारख्या दाराशी उभ्या राहिल्या. सासूबाईंनी चाहूल ओळखली. भिंत चाचपत त्यांच्यापर्यंत गेल्या, त्यांचं मनगट धरून त्यांना डिमिटरपाशी घेऊन आल्या, आणि मग आपल्या तळहाताने सरळ त्यांचे डोळे मिटवले. या देशात वर्षानुवर्षांचे शेजारी हस्तांदोलनापलीकडे जात नाहीत. पण बाई हलल्या नाहीत.

सासूबाईंनी त्यांचा हात मूर्तीच्या गुडघ्यावर ठेवला, मग तुटलेल्या दंडावर, पदरावर, गालावर. इतकी वर्षं या बाईंनी हातमोजे घालून, ब्रशनेच त्या देवांना स्पर्श केला होता. बोटं कपाळावर आली.

"डाग कुठे आहे?" फ्राऊ ब्रुग्गरनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं. मी भाषांतर केलं.

"मला काय माहीत?" सासूबाई म्हणाल्या. "हाताला तर कुठेच लागत नाही."

मी तेही सांगितलं. फ्राऊ ब्रुग्गरनी बोटं पुन्हा त्या कपाळावरून फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी सावकाश. मला रडू आवरेना. "फार उपकार झाले हो बाई तुमचे," मी मराठीतच बोलून गेले.

"शांत बसा," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "माझं अजून व्हायचंय."