नोकरी अमरावतीची, खोली कुठली?

अकोल्याहून अमरावतीला आज मोटारीनं निघालात तर मधे चहाला थांबूनही जेवणाच्या वेळेआधी पोचता. म्हणून आधीच सांगते, मी लिहितेय त्या प्रवासाचा तुम्हाला रस्ता म्हणून काही उपयोग नाही. पण नातीला पुण्यात नवी नोकरी लागली आणि रोज संध्याकाळी फोनवर तिचं एकच चालू आहे: आजी, गावातल्या पेठेत खोली घेऊ, की लांब नव्या सोसायटीत? ऐकून ऐकून मीच दमले. तिला म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकते. वाच, आणि मग काय करायचं ते कर.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. बी.ए.नंतर मी बी.टी. केलं होतं आणि अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत मला शिक्षिकेची जागा मिळाली होती. आमच्या घरात बाईनं पगार आणायची ही पहिलीच वेळ. आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठाजवळ राहत होतो. वडील, म्हणजे नाना, भिक्षुकी करायचे. दम्यानं ते बेजार असायचे. माझ्या नोकरीला त्यांची हरकत नव्हती आणि हौसही नव्हती. घरातला शेवटचा शब्द आईचा. जूनमधल्या त्या रविवारी पहाटे आम्ही खोली बघायला निघालो, तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "भाडं, पाणी तुम्ही बघाल ते बघा. घरात वडीलधारी बाई पाहिजे. नसली तर उद्याच शाळेला नाही म्हणून कळवायचं."

नानांनी मान हलवली. आईचा शब्द त्यांनी मोडलेला मी कधी पाहिला नव्हता. आणि मला ती नोकरी हवी होती. नऊ माणसांच्या घरात मांडीवर पाट घेऊन केलेला अभ्यास होता तो, असा एका दिवसात पाण्यात जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती.

तेव्हाची वाट अशी: अकोल्याहून पॅसेंजरनं बडनेऱ्यापर्यंत, तिथं उतरून अमरावतीची छोटी गाडी धरायची. पॅसेंजर मूर्तिजापूरला इतका वेळ थांबायची की लोक खाली उतरून तोंड धुऊन, विडी ओढून, गप्पा मारून परत जागेवर यायचे. उन्हाचा कडाका गेलेला नव्हता. नानांनी कानावरून दुपट्टा बांधला होता आणि आईनं दोघांच्या पिशवीत एकेक कांदा घातला होता, ऊन लागू नये म्हणून. नाना बाहेरचं खात नसत, त्यामुळे दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. बडनेऱ्याच्या फलाटावर आलुबोंड्यांचा घाणा चालू होता आणि मी नुसता वास घेत दशमी चावत होते. कुरूमला चढलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं आमची चौकशी केली आणि नानांना विचारलं, "एकटीच राह्यनार काय पोरगी? तुमाले झोप येईन काय महाराज?" नाना म्हणाले, झोप तशीही येत नाही, दमा आहे.

पहिली जागा बुधवाऱ्यात, परकोटाच्या आत. नानांची चुलत बहीण तिथं राहायची. आम्ही तिला माई आत्या म्हणायचो. तिचे यजमान वकील, घर भरलेलं, अंगणात नळ, अंबादेवीचं देऊळ चालत जाण्याइतकं जवळ आणि शाळा त्याहून जवळ. आत्यानं गेल्या गेल्या कैरीचं पन्हं दिलं आणि मला मागची खोली दाखवली. खोली अंधारी होती, पण स्वच्छ होती. खाट होती, कपाट होतं. नानांचा चेहरा सैल झाला. वडीलधारी बाई तर समोरच उभी होती, आणि मायाळू होती.

"तुझी आत्या जिवंत असताना तू परक्याकडे काहून राहशील?" ती म्हणाली.

मग तिनं दार दाखवलं. त्या खोलीला एकच दार होतं आणि ते स्वयंपाकघरात उघडत होतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात देव. आत्यानं माझ्या कानाशी येऊन सांगितलं, पण नाना दोन हातांवर होते, त्यांना ऐकू गेलंच. महिन्याचे चार दिवस बाजूला बसायचं, तेव्हा या वाटेनं जाणं-येणं चालायचं नाही. तेवढी रजा टाकत जा. मी म्हटलं, आत्या, दर महिन्याला चार दिवस रजा मला कोण देईल? वर्षाच्या आत काढून टाकतील. तर ती म्हणाली, शाळेतही बायकाच आहेत ना, त्यांना कळत नाही का.

मी नानांकडे पाहिलं. ते पन्ह्याच्या रिकाम्या पेल्यात बघत होते. आमच्या घरीही हेच होतं. आई आणि मी मागच्या पडवीत बसत होतो आणि कधी कुणी त्याला नाव ठेवलं नव्हतं. कॉलेजला तेव्हा दांडी मारली तर चालून जायचं. मला राग आला, आणि आत्या इतकी प्रेमानं बोलत होती की रागावताही येईना. कळवतो, असं सांगून आम्ही निघालो.

दुसरी जागा शाळेच्या मोठ्या बाईंनी सुचवली होती. राजापेठेच्या पुढं, बडनेरा रोडच्या अंगाला नवा ले-आऊट पडला होता, तिथं. टांगेवाल्यानं डांबरी रस्ता संपला तिथं उतरवलं आणि पुढं यायला नकार दिला. घोड्याला पाणी नाही म्हणाला. मग आम्ही दोघं तळपत्या उन्हात चालत निघालो. चारी बाजूंना चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट, मधूनच एखादा अर्धवट पाया, बाभळी, आणि लांब एका विहिरीजवळ भाजीचा हिरवा तुकडा. त्या तुकड्याला लागून एकच नवं घर उभं होतं. नाना दर थोड्या वेळानं थांबत होते. त्यांच्या छातीतली शिट्टी मला ऐकू येत होती आणि मनात येत होतं, पुरे झालं, चला परत, नको ती नोकरी.

घराला आंब्याचं तोरण होतं. घरमालक सदुभाऊ जातीनं माळी, स्वतःची बागायत, भाजीचा धंदा. ते ओट्यावर डोक्याला हात लावून बसले होते. त्या दिवशी त्यांची वास्तुशांत होती, चातुर्मास लागायच्या आत उरकायची होती, आणि ठरवलेले गुरुजी आलेच नव्हते. नानांची शेंडी आणि उपरणं बघून ते उठून उभेच राहिले. खोली बघायला आलोय म्हटलं तरी त्यांच्या कानात शिरेना.

"खोली पाहा, घर पाहा, सारं तुमचंच हाये," ते म्हणाले. "पन आदी मले पूजेवर बसवा, महाराज."

नाना इतके थकले होते की त्यांना धड उभं राहवत नव्हतं. पण पूजा अडली आहे म्हटल्यावर नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. विहिरीवर आंघोळ केली, ओल्या पंच्यानं पाटावर बसले आणि विचारलं, मालकीणबाई कुठं आहेत?

सदुभाऊंनी खाली पाहिलं. बायको येत नाही म्हणाले. तिचं इतवाऱ्यात घराच्या ओट्यावरच भाजीचं दुकान. या जंगलात राहायला येणार नाही, अन् पूजेलाही येणार नाही, कारण पूजेला बसलं की राहावं लागेल, असं तिचं म्हणणं. सांगून सांगून थकलो, म्हणाले.

पूजा जोडीनंच करायची असते. पण त्यावर तोड आहे, आणि ती आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. बायको नसेल तर तिच्या जागी सुपारी. नानांनी ताटातली एक सुपारी उचलून सदुभाऊंना दिली, त्यांनी ती कनवटीला खोचली आणि संकल्प सुरू झाला. मी समिधा पुढं करत बसले होते. घामानं आणि धुरानं डोळे चुरचुरत होते, आणि माझं सगळं लक्ष त्या कनवटीकडे लागलं होतं.

पूजा आटोपल्यावर सदुभाऊ पानं मांडायला गेले आणि आम्ही खोली बघितली. कोपऱ्यातली खोली, दोन खिडक्या, दार थेट बाहेर अंगणात उघडणारं. विहीर दहा पावलांवर. भाडं ठीक होतं. शाळा मात्र चांगली पाऊण तासाच्या चालीवर, आणि त्यातला अर्धा रस्ता म्हणजे आम्ही नुकतेच तुडवत आलो तो. शेजार म्हणावा तर बाभळी. रात्री राखणीला सदुभाऊंचा म्हातारा बाप ओट्यावर झोपणार होता. वडीलधारी बाई नव्हती.

नाना भिंतीला टेकून श्वास घेत होते. मला त्या वेळी बोलायला नको होतं, पण राहवलं नाही.

"नाना, बायको नसली तर सुपारी चालते. चार दिवस मी नसले तर शाळेत काय ठेवायचं?"

ते माझ्यावर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. थोड्या वेळानं त्यांनी दक्षिणेच्या तांदळातून ती सुपारी शोधून काढली. पूजा संपली की कनवटीची सुपारीही दक्षिणेबरोबर गुरुजींकडेच जाते. खोलीच्या कोनाड्यात त्यांनी ती ठेवली आणि म्हणाले, "ही इथंच राहू दे." मला वाटलं, थकव्यानं हातातलं टाकताहेत.

परतताना सदुभाऊंनी बायकोसाठी प्रसादाची पुडी आमच्याबरोबर दिली, कारण इतवारा वाटेवरच होता. गोदाबाई ओट्यावर पाय सोडून बसल्या होत्या, समोर वांगी, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, कांद्याची पात. हातातली तागडी खाली न ठेवताच त्यांनी प्रसाद कपाळाला लावला.

"माह्या जागी कोन बसलं होतं?" त्यांनी विचारलं.

नाना म्हणाले, सुपारी.

"बरं झालं. ते बोलत तरी नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू राह्यनार हायेस काय तिथं? राह्य बापा. पानी गोड हाये. पन दिवस बुडाला का मानूस दिसत नाही, हे आदीच सांगून ठेवते. माहं गिऱ्हाईक इथं हाये, मी काई येनार नाही."

त्यांचा मला राग आला नाही. त्यांना त्यांचा ओटा हवा होता, मला माझी शाळा. फक्त शेवटची आशाही गेली, एवढं खरं.

बडनेऱ्याहून परतीची पॅसेंजर धरली. डबा तापलेला, लाकडी बाकावर अंग शेकून निघत होतं. नानांचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. जप करताहेत असं मला वाटलं. मी मनातल्या मनात शाळेला कळवायचं वाक्य जुळवत होते आणि ते जुळत नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा आईनं नानांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. त्यांचं पिऊन होऊ दिलं. मग तिनं जे विचारायचं तेच विचारलं. बुधवाऱ्यातली जागा जमत नाही, नाना म्हणाले, दाराची अडचण आहे. नव्या वस्तीतली घेऊ.

"वडीलधारी बाई आहे ना घरात?"

"आहे," नाना म्हणाले. "आज पूजेला बसली होती."

आईनं मान हलवली आणि पानं घ्यायला आत गेली. नाना माझ्याकडे न बघता उपरण्याची घडी घालत राहिले.

त्या खोलीत मी चार उन्हाळे काढले. सुखाचे होते असं मी नातीला सांगणार नाही. रोज धुळीनं भरलेले पाय, चप्पल झिजून झिजून पातळ, आणि संध्याकाळी कडी लावली की बोलायला सदुभाऊंच्या बहिऱ्या वडिलांखेरीज कुणी नाही. तापात पडले तेव्हा बुधवाऱ्याची आठवण येऊन रडलेसुद्धा. पण महिन्यातला एकही दिवस मी शाळा चुकवली नाही. आता ती वस्ती शहराच्या पोटात गेली आहे, तिथं रिक्षा मिळते, विहिरीवर इमारत आहे. जाऊन बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

सुपारी माझ्याकडे आहे. किडून आतून पोकळ झाली आहे, हलवली तर खुळखुळते. आईला मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. नाना जन्मात एकदाच खोटं बोलले, आणि तेही आधी शास्त्रात बसवून घेऊन.