हलव्यात गेलेली बरणी

एका माणसाचा दोन महिन्यांचा प्रयोग मी तुपात परतून, वर बेदाणे पेरून पाहुण्यांना खाऊ घातला, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चविष्ट मूर्खपणा. आता आजी झाल्यावर कबूल करायला हरकत नाही. तेव्हा मी जेमतेम पंचावन्न वर्षांची अल्लड पोर होते. आणि प्रयोग कुणाचा, तर समोरच्या फ्लॅटमधल्या, आमच्या ह्यांच्या मित्राचा. मी त्यांना भाऊजी म्हणते. अख्ख्या नाशकात त्यांच्याइतका संशयी माणूस दुसरा नसेल. असलाच तर भाऊजींना त्याचाही संशय येईल.

भाऊजींनी नोकरीभर अंबडच्या एका कारखान्यात वाळवलेल्या भाज्यांचे रंग तपासले. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, म्हणून त्यांनी आमचा जिना धरला. गाजर, भोपळा, मेथी यांच्यातलं डोळ्यांना पोषक कॅरोटीन (हा शब्द ते माहेरवाशिणीच्या नावासारखा मायेनं उच्चारत) उजेड, हवा आणि आच असे तिघं मिळून पळवतात आणि घरातल्या बायका त्यांना आतून कडी काढून देतात, हे त्यांचं ठाम मत. माझ्या कुकरच्या शिट्ट्या ते समोरून मोजत. "वहिनी, चौथी झाली! भोपळा शिजवताय की पुरावा नष्ट करताय?" बाजारात मेथीची वरची जुडी उन्हाला बसलेली म्हणून खालची उपसत आणि "कधी काढली?" म्हणून उलटतपासणी घेत. एकदा भाजीवाली वैतागली. "सकाळीच काढली ना काका! लय शक करता बा तुम्ही. पुढच्या टायमाला तुमच्यासमोरच पेरते." फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का, या शंकेपायी त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो आत भेंडीशेजारी कोंडून ठेवला होता. दिवा विझला. मग दिवसभर त्यांना मोबाइलचा संशय.

त्यांची बायको वारल्यापासून ते एकटेच असत, झाकण ठेवून वाफवलेलं काहीबाही खात.

त्या वर्षी त्यांच्या मनानं पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेचा ध्यास घेतला. तिथल्या स्वयंपाकीणबाई हिवाळ्यात गाजर-मेथी वाळवत आणि पारदर्शक पिशव्यांत भरून खिडकीत टांगत. पावसाळ्यात पोरांच्या ताटात नुसता चोथा पडतो, असं भाऊजींचं म्हणणं. बाई म्हणाल्या, "तोंडानं नका सांगू. डोळ्याला दावा, मंग ऐकते." म्हणून भाऊजींनी हिवाळी लाल गाजराचा कीस वाळवून दोन बरण्या भरल्या. एक त्यांच्या खिडकीत उजेडाला, दुसरी काळ्या फडक्यात गुंडाळून माझ्या कपाटात. त्यांच्या कपाटाच्या दाराला फट होती म्हणे. "वहिनी, हात लावू नका," एवढंच बजावलं.

ऐन मे महिन्यात लेकीला बघायला माणसं आली, तीही न कळवता. घरात गोड म्हणून साखरेचा डबा. माझी अक्कल त्या दिवशी कुठल्या उन्हात वाळत होती कोण जाणे, मी बरणी काढली, कीस दुधात भिजवला आणि हलवा केला. लग्न जमलं! मग भानावर येऊन मी बाजारातून गाजरं आणली, किसली, पंख्याखाली वाळवली आणि बरणी जशीच्या तशी गुंडाळून ठेवली. बाजारात तेव्हा केशरी गाजरं होती. म्हटलं, लाल काय, केशरी काय, वाळल्यावर कोण बघतंय!

भाऊजी बरणी न्यायला आले. फडकं सोडलं, वास घेतला, बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हं," म्हणाले आणि गेले. त्या एका 'हं'नं मला तीन दिवस घास गोड लागला नाही. पेठच्या त्या बाईंनी गाजर बदललेलं ओळखलं, तर भाऊजींचं पुन्हा कधी ऐकतील का? आणि पोरांच्या ताटातला चोथा तसाच राहायचा. शेवटी ते पेठच्या एसटीसाठी पिशवी घेऊन उतरताना मी जिन्यातच अडवलं आणि पाहुण्यांपासून पंख्यापर्यंत सगळं भडाभडा सांगून टाकलं.

आता समोरच्या दाराला कुलूप आहे, भाऊजी लेकाकडे असतात. माझ्या शिट्ट्या कुणी मोजत नाही. कालच्या भोपळ्याचा पार गाळ झाला. तो गाळ ढवळताना जिन्यातलं त्यांचं बोलणं शब्दन् शब्द आठवलं. पिशवी खाली ठेवून ते म्हणाले होते,

"वहिनी, लाल गाजर अंधारात केशरी होत नाही. बरणी बघितली तेव्हाच कळलं. पण ही पिशवीतली बरणी तुमची नाही, माझी आहे. तुमच्याकडे एक दिली, त्याच दिवशी कपाटाची फट बुजवून दुसरी भरून ठेवली होती. तेव्हा पोरांचं काही बिघडत नाही. फक्त वाटीभर हलवा पाठवायला हवा होता. तपासत बसेन म्हणून हल्ली कुणी पाठवतच नाही."