पुढच्या सालचा भाव

हे मी आजवर कुणापाशी उच्चारलेलं नाही — नवऱ्यापाशी नाही, कवितेतही नाही. कवितेत मी याच्या आसपासचे सगळे गंध वेचले. हे तेवढं टाळलं. आता त्या टाळण्याचीच चीड येते. म्हणून तुम्हांला सांगते.

इतवारीत बाबांचं जुन्या नाण्यांचं दुकान होतं. दरवर्षी ते नाण्यांच्या भावांची पुस्तिका छापत. भाव गोळा व्हायचे होळीआधी, छपाई श्रावणात, विक्री दसऱ्याला — आणि मुखपृष्ठावर साल मात्र पुढचं. चार महिन्यांत जुनं दिसणारं पुस्तक कोण घेणार? धंद्याची रीतच ती. मुद्रितं मी तपासत असे. ओल्या शाईचा तुरट वास मला आवडायचा. जाणकार गिऱ्हाईक त्या सालाला फसत नसे.

आणे जाऊन नवे पैसे आले ते वर्ष. पुस्तिकेचे भाव लिहून झाले आणि मग लोकांना जुन्या नाण्यांची एकाएकी ओढ लागली. भोसल्यांच्या रुपयाला कलकत्त्याचे व्यापारी आमच्या गादीवर बसून पुस्तिकेच्या दीडपट दाम देऊन गेले. त्यांना चहा मीच दिला होता.

दसऱ्यानंतर सगुणा आली. शाळेत माझ्या बाकावर बसणारी. कोष्ट्याची लेक, आता कोष्ट्याची विधवा. तिच्या हातांना सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास येत होता. सासूची भोसल्यांच्या रुपयांची माळ विकून तिला गहाण पडलेला माग सोडवायचा होता. बाबांनी पुस्तिका उघडून भाव दाखवला. तेवढ्या पैशांत माग सुटत नव्हता. तिनं बाबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"तू सांग वं. थांबू, का इकून टाकू?"

"पुढच्या सालचा भाव आहे, सगुणा. याहून जास्त कुठला मिळणार?"

"मंग तर सालभर आधीच भेटून राह्यला मले," म्हणून ती हसली.

बाबांनी मला खूण केली नव्हती. घरात अडचण नव्हती, धाक नव्हता. मग का? — माझं वाक्य किती सहज, किती गोड उतरलं, याचा मला त्या क्षणी आनंद झाला होता. हो, आनंद. पुढे कित्येक वर्षं मी बाबांवर रागावले. किती सोयीचा राग होता तो! माळ दिवाळीआधीच कलकत्त्याला गेली. माग सावकाराकडेच राहिला. सगुणा दुसऱ्याच्या मागावर मजुरीनं सुताच्या कांड्या भरू लागली, आणि मी तिच्या गल्लीवरून जाताना पावलं उचलून चालू लागले.

तिला कधीच कळलं नाही. उलट तिनं गल्लीतल्या बायका माझ्याकडे धाडल्या — पदरात नाणी बांधून, माझं नाव विचारत. "सगुणा म्हणे, ताई खरं सांगते."

एकामागून एक त्या आल्या. प्रत्येकीला मी तेच सांगितलं.