समोरचं टेबल

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कुठल्याही हॉटेलात पडद्यामागे बसून जिनं आयुष्यात एक घासही खाल्ला नाही, अशी बाई सगळ्या वारूळवाडीत एकच आहे आणि ती माझी सख्खी आत्या आहे, हे मी कुठल्याही सभेत उभी राहून सांगायला तयार आहे. बायकांनी हॉटेलात बसू नये असा कायदा कुठे लिहिलेला नव्हता. त्याची गरजच नव्हती, कारण पडदा होता. मी शाळेत होते तेव्हा नारायणगावच्या बहुतेक हॉटेलांत मागच्या बाजूला, भांडी घासायच्या मोरीला लागून, एक कोंदट खोली असायची. तिला फॅमिली रूम म्हणत. तिच्या दाराला तेलकट हातांनी काळा पडलेला पडदा. नवऱ्याबरोबर आलेली बाई मुकाट त्या पडद्यामागे जायची, आणि नवऱ्याशिवाय बाई यायचीच नाही. आत्या मात्र बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट उतरवून झाले की साडीच्या निऱ्या झटकायची, पिशवीतल्या चांगल्या चपला काढून घालायची आणि रस्त्याकडेच्या पहिल्या टेबलावर येऊन बसायची. पहिल्या वेळी मालक लगबगीनं आला. "बाई, फॅमिली रूम आत आहे." आत्या म्हणाली, "फॅमिली भायेर पिकअप सांभाळतीय. मी एकटीच खाणार हाय. मिसळ आण." बाहेर पिकअपमध्ये खरोखरच आत्याचे यजमान बसलेले असायचे. माळकरी, सात्त्विक माणूस. बायको उघड्यावर बसून मिसळ खाते याची त्यांना इतकी लाज वाटायची, की ते स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपेचं सोंग घ्यायचे.

खाण्याच्या बाबतीत आत्याचे नियम घटनेच्या कलमांइतके पक्के होते. पाठ भिंतीला आणि तोंड रस्त्याला. "खाताना आपल्याला रस्ता दिसला पायजे, आन रस्त्याला आपण." पाणी मागायचं ते नुसतं नाही, समोर पेला विसळून घेऊन मागायचं. आणि पार्सल कधीही नाही. एकदा मालकानं प्रेमानं सुचवलं, "बांधून देऊ का मावशी? घरी निवांत खा." आत्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याच्या हातातला दोरा गळून पडला. "पार्सल आजाऱ्याला न्हेत्यात. मला काय झालंय?" रस्त्यावर जो नवा पदार्थ येईल तो गावात सगळ्यांच्या आधी तिनं खाल्लेला असे. चायनीजची गाडी लागली तेव्हा तिनं नळावर जाहीर केलं, "शेवयांना तिखट लावून त्यांची अब्रू घालवलीय, पण लागत्यात ब्येस." पिझ्झ्याबद्दल तिचं मत कायम प्रतिकूल राहिलं. "भाकरी कच्ची ठेवली म्हणून आमच्या सासूनं मला दोन दिवस टोमणे मारले व्हते. हितं कच्च्याचं कवतिक!"

मग एसटी स्टँडजवळ बर्गरचं दुकान निघालं. तिथल्या एका जुन्या मारवाडी कापड-दुकानदाराच्या मुलानं काढलेलं. पुढे सबंध काच, आत लाल खुर्च्या, वर दिव्यांच्या पाटीवर पदार्थांची रंगीत चित्रं. आत्या पहिल्याच आठवड्यात गेली आणि पहिल्याच चाव्याला बर्गरनं दगा दिला. टिक्की मागून निसटली, काकडीची चकती मांडीवर पडली, पांढरी चटणी कोपरापर्यंत ओघळली, आणि शेजारच्या टेबलावरची कॉलेजची पोरं फिसफिसली. घरी आल्यावर आत्यानं सराव सुरू केला. बाजरीच्या भाकरीचे दोन चतकोर, मध्ये बटाट्याची भाजी दाबून, आरशासमोर उभी राहून, दोन्ही हातांची बोटं खालून लावून, मान किंचित तिरकी करून. यजमान देवापुढे हरिपाठ म्हणत असायचे आणि मागे आरशात ही. "अगं, काय चाललंय हे?" "तालीम," आत्या तोंड भरलेलं असताना म्हणायची. पुढच्या बाजारच्या दिवशी तिनं त्याच पोरांच्या शेजारी बसून असा नीटस बर्गर खाल्ला, की एक कण सांडला नाही. पुण्याची शहाणी माणसंसुद्धा तसा खाऊ शकणार नाहीत. नंतर पदरानं ओठ टिपले आणि त्या पोरांना म्हणाली, "शिका."

मी तोवर कॉलेजात गेले होते. आमच्या घरात रद्दीत वर्तमानपत्रांपेक्षा पत्रकं जास्त निघायची; मोर्च्यांची, संपांची, पाण्याच्या हक्काची. त्यांवरच मी वाचायला शिकले, त्यामुळे हॉटेलातल्या पडद्यावर पत्रक काढणं मला भागच होतं. 'पडदे फाडा!' अशा मथळ्याचं ते पत्रक मी आत्याला उभ्यानं वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. "लई झ्याक लिव्हलंय," ती म्हणाली. "आता चल, भूक लागली." माझ्या सगळ्या उद्गारचिन्हांत नव्हता एवढा अर्थ त्या 'चल'मध्ये होता, असं मला आजही वाटतं.

पण तिचा खरा दिवस शेवटच्या तोड्याचा. आमच्याकडे टोमॅटोचा शेवटचा तोडा झाला की मळ्याचा मालक तोडणाऱ्या बायकांना जेवण घालतो. बांधावर, आंब्याखाली, पत्रावळीवर. त्या वर्षी आत्यानं बायकांना विचारलं, "काय करू गं? पुरणाचं का मटणाचं?" तिच्याकडे आहुप्याच्या बायका यायच्या, दर हंगामाला, डोंगरातून. त्यांतली हिराबाई कधी काही मागत नसे. ती हातावरचा हिरवा-काळा चीक चोळत म्हणाली, "रागावणार न्हाय ना? रोज टेंपोतून जाताना ती काच दिसती. लाल खुर्च्या. तिथं बसायचंय एकडाव." बाकीच्या बायका आधी हसल्या, मग एकदम गप्प झाल्या. गप्प झाल्या तेव्हा कळलं, की ती सगळ्यांचीच इच्छा होती.

आत्यानं सगळ्यांना पिकअपमध्ये घातलं. मलाही. दुकानात कॉलेजच्या पोरांची गर्दी होती. तोडणीवरून तशाच आलेल्या बायका, गुडघ्यापर्यंत खोचलेली लुगडी, पायांना माती. दारात मालक आडवा आला. मुलगा वाईट नव्हता, घाबरलेला होता. हळू आवाजात म्हणाला, "मावशी, तुम्ही या ना, तुमचं टेबल आहेच. यांना पार्सल देतो. टेम्पोत बसून खातील. नाहीतर वर फॅमिली सेक्शन रिकामा आहे, पडदा पण आहे."

हिराबाई लगेच मागे वळली. "ऱ्हाऊ द्या वो. टेंपोत खाऊ." तिच्या त्या वळण्यात कितीतरी दारांवरून परत फिरल्याची सवय होती. आत्यानं तिचा दंड धरला आणि मालकाला म्हणाली, "पडदा तुला एवढा आवडतो, तर तू बस की बाबा त्याच्यामागं. आमी हाक मारू तवा भायेर ये." पोरांमध्ये हशा पिकला, आणि या वेळी तो आमच्यावर नव्हता. मालकाचे कान लाल झाले. तो बाजूला सरला, एवढंच नव्हे, त्यानं स्वतः दोन टेबलं ओढून काचेला जोडून दिली. तेवढ्यात मागून पिकअपचं दार आपटल्याचा आवाज आला. आत्याचे यजमान गाडीला कुलूप लावून, टोपी सारखी करत, पहिल्यांदाच आत येत होते.

बर्गर आले. बायका त्यांच्याकडे बघत बसल्या. हिराबाईनं शेवटी पाव उचलून बाजूला ठेवला, टिक्की कुस्करली, काकडी वेगळी केली आणि पावाचा तुकडा मोडून भाकरीसारखा तिच्यात बुडवला. शेजारच्या टेबलावर कोणीतरी फिसकन हसलं. हिराबाईचा हात थांबला. आणि माझ्या आत्यानं, जिनं आरशासमोर तालीम केली होती, जिच्या हातून कण सांडत नव्हता, जिला त्या कौशल्याचा सगळ्या जगापेक्षा जास्त अभिमान होता, तिनं आपला बर्गर ताटलीत ठेवला, मुठीनं फोडला आणि कुस्करून खायला लागली. "असाच ग्वाड लागतो," ती मोठ्यानं म्हणाली. मग यजमानांनी फोडला. मीही फोडला. हसणाऱ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. काचेपलीकडून एसट्या जात होत्या, खिडक्यांतली माणसं वळून बघत होती, आणि त्या सगळ्या बायका ताठ बसून रस्त्याला दिसत होत्या. पत्रक काढून जे होत नाही ते काय असतं, ते मी तेव्हा पाहिलं.

आता आत्याचे गुडघे गेले आहेत. पिकअपमध्ये चढवत नाही, बाजार पुतण्या बघतो. परवा मी तिच्यासाठी त्याच काचेच्या दुकानातून बर्गर बांधून आणला, तर तिनं तो हातात घेतला नाही. "पार्सल? मी आजारी हाय व्हय?" शेवटी मी आणि तिच्या यजमानांनी मिळून खाट उचलली आणि ओट्यावर, पाठ भिंतीला आणि तोंड रस्त्याला अशी लावून दिली. ताटली आणली, पेला समोर विसळला. तेव्हा कुठे तिनं बर्गर फोडला.

"समोरच्या टेबलावर कोन व्हतं?" तिनं विचारलं.

"शाळेच्या दोन पोरी. दप्तरं टेबलावर टाकून हसत बसल्या होत्या."

"एकट्याच?"

"एकट्याच. मी त्यांना विचारलं, वरचा पडदा कधी काढला गं? तर म्हणाल्या, कसला पडदा?"

समोरून नाशिकची गाडी गेली, आत्यानं ती वळणापर्यंत पाहिली.

"न्हाई म्हाईत ना त्यास्नी?" ती म्हणाली. "ब्येस झालं." आणि बोटांना लागलेली पांढरी चटणी तिनं सावकाश चाटून घेतली.