हलका अँटीव्हायरस

डोणगावात माझ्या दुकानासमोर एका तरुणाचंही कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मशीन उघडण्याआधी तो डोळे मिटून पंख्याचा आवाज ऐकत बसायचा. गिऱ्हाइकांना त्याचं फार कौतुक होतं आणि मला ते सहन व्हायचं नाही.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षी नुकसानीचे अर्ज भरायला माझ्याकडे रांग लागली होती. शेवटचा दिवस होता आणि माझा जुना कॉम्प्युटर अडकला. लोक समोरच्या दुकानाकडे बघायला लागले. तेवढ्यात तोच रस्ता ओलांडून आला.

"काऊन हो भाऊ, एवढा भारी अँटीव्हायरस काऊन टाकला? एवढ्याशा रॅमले हा झेपत नाही."

त्यानं तो काढला, पेनड्राइव्हवरून हलका टाकला. "व्हायरसची तपासणी जेवाच्या टायमाले लावत जा," म्हणाला. अर्ज भराभर जायला लागले.

रांगेतल्या बाईनं त्याला विचारलं, "हे दुकान तुयं हाय का बापू?"

"नाही मावशी, ह्या भाऊचं हाय. ह्यानंच मले शिकवलं."

मी त्याला कधी काहीच शिकवलं नव्हतं. पण लोकांसमोर मी तसाच पुढचा अर्ज भरायला घेतला, आणि त्या दिवसापासून त्याचा जास्तच हेवा करायला लागलो.