दरीपलीकडचं पाणी

कुठलाही शब्द कानावर पडला की गुरुजी आधी त्याचं मूळ शोधायचे आणि मगच उत्तर द्यायचे. अंबाजोगाईला आयुष्यभर संस्कृत शिकवून ते धारूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीवर परतले, तेव्हा लोकांनी त्यांचं नाव धातूगुरुजी ठेवलं. चहा विचारला तरी हा माणूस चहाच्या जन्मापासून सुरुवात करायचा.

मी तेव्हा दूध सोसायटीचा सचिव होतो. डेअरी आमच्या वाडीत. दरीपलीकडच्या वाडीतल्या बायका डोक्यावर किटल्या घेऊन, दरी उतरून, चढून दूध घालायला येत. दुष्काळात त्यांची विहीर आटली. आमच्या विहिरीला तळाशी थोडं पाणी होतं. एके सकाळी पलीकडची सोनाबाई डेअरीतच रडायला लागली. "माझी म्हस आता जगत न्हाई."

"किटल्या रिकाम्याच परत जातात ना? त्यात पाणी भरून द्या," गुरुजी म्हणाले.

सोसायटीचे चेअरमन भडकले. "आमालाच पुरंना, तिकडं कावून द्यायचं?" त्यांचंही खोटं नव्हतं.

गुरुजींनी वाद घातला नाही. ते आम्हा सगळ्यांना दरीच्या कडेला घेऊन गेले. "दरी म्हणजे काय?"

"खड्डा," कुणीतरी म्हणालं.

"खड्डा खणतात, बाबा. दरीचा धातू 'दॄ', म्हणजे फाटणं. विदीर्ण त्यातलंच. आणि फाटतं तेच, जे आधी अखंड असतं."

मग त्यांनी काठीनं आमच्या बाजूच्या कड्यातला तांबडा पट्टा दाखवला आणि काठी हळूहळू समोर नेली. पलीकडच्या कड्यात, त्याच उंचीवर, तोच तांबडा पट्टा. जन्मभर ती दरी उतरलेली माणसं आम्ही, पण हे कधी दिसलं नव्हतं. एवढा डोंगर कधीकाळी सलग होता!

चेअरमननी डोळ्यांवर हात धरून दोन्ही पट्टे पुन्हा पाहिले. "भरा किटल्या," एवढंच म्हणाले.

पाऊस येईपर्यंत पहिली किटली गुरुजी स्वतः शेंदून भरत. कुणी "दमलात का?" विचारलं, तर 'दम' शब्दाचं मूळ ऐकावं लागे. सोनाबाईची म्हैस जगली.

काही वर्षांनी गुरुजी अंथरुणाला खिळले. शेवटच्या सकाळी घरच्यांनी मुखात घालायला गंगाजल काढलं होतं. निरोप पलीकडं पोचला असावा, कारण सोनाबाई धापा टाकत दारात आली. डोक्यावर दुधाची किटली.

"गुरुजी, पाणी आणलंय. आमच्या हिरीचं हाय."

गुरुजींच्या मुलानं गंगाजल बाजूला ठेवलं. सोनाबाईनं त्या पाण्याचा चमचा ओठांना लावला. घोट खाली उतरला आणि गुरुजींचे ओठ हलले. पाण्याचं मूळ सांगत असणार, दुसरं काय.