नॅपकिनखालची बाटली

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत गच्चीवरची टाकी धुताना बाबा शिडीवरून पाठीवर पडले, तेव्हा मी अकरावीत होते. पाठीचे दोन मणके मोडले. पाय हलत होते, म्हणून सगळे जरा निर्धास्त झाले. तिसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली. मोडलेल्या हाडांजवळून रक्त झिरपून छातीत साठत होतं. डॉक्टरांनी बरगड्यांमधून नळी घातली आणि तिचं दुसरं टोक कॉटखाली ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीत सोडलं.

घरात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटीच, म्हणून केसपेपर वाचायचं काम माझ्याकडे. शब्द वाचता यायचे, अर्थ कळायचा नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. सिस्टरने मात्र साध्या मराठीत समजावलं होतं, की श्वासाबरोबर नळीतलं पाणी वरखाली व्हायला हवं. थांबलं तर लगेच हाक मारायची.

एसटीडी बूथवरून कळवल्यावर दुपारी दिंडोरीहून आत्या आली. लाल बाटली बघताच तिने आपला नॅपकिन तिच्यावर टाकला. भेटायला येणाऱ्यांनी रक्त कशाला बघायचं, म्हणाली. मधूनमधून स्वतः मात्र उचलून बघे. चारच्या सुमारास ती आईला म्हणाली, "वहिनी, थांबलं बघ रक्त. मघापासून थेंब नाय वाढला."

आईने हात जोडले. आत्याने पिशवीतली द्राक्षं धुऊन वाटली. माझ्या हातावरही घोस ठेवला.

बाबा नको म्हणाले. तेवढं म्हणायलाही त्यांना दोनदा थांबावं लागलं. त्यांची नखं निळसर दिसत होती. मी स्टुलावरून वाकून नॅपकिन सरकवला. नळीतलं पाणी हलत नव्हतं.

"झाक ते," आत्या म्हणाली. "सारखं सारखं बघू नये."

मी झाकलं.

बऱ्याच वेळाने उठले आणि सिस्टरला जाऊन इंग्रजीत सांगितलं. मराठीत सांगितलं असतं तर आत्याला कळलं असतं, तिला खोटं पाडल्यासारखं झालं असतं.

रक्त थांबलं नव्हतं. रक्ताच्या गाठीने नळी बंद झाली होती आणि ते आतच साठत होतं. दुसरी नळी घातल्यावर नवी बाटली बघता बघता भरली. बाबांना धावपळीत ऑपरेशनला नेलं.

ते वाचले. पोरीचं लक्ष होतं म्हणून, असं आत्या अजून पाहुण्यांना सांगते. मी मान खाली घालते. नॅपकिन परत झाकल्यापासून उठेपर्यंत मी तो अख्खा घोस खाल्ला होता, एकेक द्राक्ष करून.